सर इंटर नापास

आमच्या आर्णीत पोरगा नापास झाला, की बापापेक्षा शेजाऱ्यालाच जास्त घाई होते. सांत्वनाची! अरुणावतीच्या पुलावर गाठ पडली, की शेजारी म्हणतो, "काऊन तोंड पाडून चालले गा? कुरुंदकर नाही का इंटरले नापास झाले होते!" लगेच बापाचा चेहरा खुलतो. जणू पोरानं निम्मी विद्वत्ता कमावलीच. आता उरलेली निम्मीच काय ती बाकी!

गावाला हे औषध दिलं आमच्याच शाळेतल्या एका सहकाऱ्यानं. ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकलेले. आर्णीहून एस.टी. महागाव, उमरखेड करत पैनगंगा ओलांडते ती तिकडेच जाते. स्टाफरूममध्ये चहा आला, की त्यांचं "आमचे सर" सुरू होई. सर म्हणजे नरहर कुरुंदकर. इंटरला अनेकदा आपटले आणि पुढे कॉलेजचे प्राचार्य झाले. १९८२ साली, उण्यापुऱ्या ४९ व्या वर्षी, औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले. एवढं सांगून झालं, की आमचे मास्तर चष्मा पुसत बसायचे.

एकदा माझ्या वह्या तपासायच्या राहिल्या. कुणीतरी टोकलं. मी ऐटीत म्हणालो, "अहो, कुरुंदकरही नापास झाले होते!" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "सरांचं नापास होणं तुम्ही बरोबर उचललं. त्यांचं वाचन कोण उचलणार?"

चहा एकदम कडू लागला, राजेहो!

त्या रात्री 'श्रीमान योगी' काढली. कादंबरी वाचली होती. प्रस्तावना मात्र लांबलचक म्हणून सोडली होती. रणजित देसाईंना लिहिलेलं ते कुरुंदकरांचं पत्र. शिवाजीमहाराजांवर एवढं प्रेम, पण म्हणून दंतकथांना सूट नाही. पुरावा तपासत, प्रश्न विचारत ते माणूस शोधतात. आणि आम्ही? आवडत्या माणसाची आठवण शिंप्याकडे नेतो आणि आपल्या मापाची करून आणतो. त्याची चूक आपल्या अंगाला बरोबर बसते. त्याचे कष्ट तेवढे ढगळ होतात. मग ही आठवण त्याची, की आपली?

पुढे ते मास्तरही गेले. शोकसभेत जो तो म्हणे, "देवमाणूस! कधी कुणाला दुखावलं नाही." माझी पाळी आली. खोटं बोलावं तर त्यांचा अपमान, खरं बोलावं तर सभेचा! शेवटी म्हणालो, "यांनी मला भर स्टाफरूममध्ये लाजवलं होतं. ते उपकार फिटायचे नाहीत."

सभेत कुजबुज झाली. कोपऱ्यातून वहिनी मात्र डोळे पुसता पुसता हसल्या. म्हणाल्या, "आता कुठं आमच्या घरच्या माणसाबद्दल बोललं कोणी!"

हल्ली कुणाचा पोरगा नापास झाला, की मीही कुरुंदकरांचं नाव घेतो. पण पाठोपाठ त्यांच्या वाचनाचंही सांगतो. तेव्हापासून पुलावर मी दिसलो, की बापलोक दुसऱ्या कठड्यानं जातात.