युक्त म्हणजे किती?

मनातला मळ काढला की मन निर्मळ होते, अशी आपली जुनी समजूत. तिच्या लेखी वैराग्य म्हणजे वजाबाकी. ही समजूत खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत तपासून पाहावी. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून तिथे नायट्रेट आणि फॉस्फेट साचतात, शेवाळ माजते, प्रवाळ झाकोळतात. पाणी बदलणे हा वजाबाकीचा उपाय झाला. दुसरा उपाय बेरजेचा आहे: रोज मोजून थोडे व्हिनेगर किंवा व्होडका पाण्यात घालायची. तिथल्या जिवाणूंना नत्र आणि स्फुरद मुबलक असते, त्यांचे अडते ते कर्बापाशी. तो व्हिनेगर-व्होडकातून मिळाला की ते वाढतात आणि वाढताना नत्र-स्फुरद अंगात घेतात. मग स्किमर नावाचे यंत्र फेसाबरोबर त्यांतल्या बऱ्याच जिवाणूंना बाहेर काढते. म्हणजे डोळ्यांना दिसत होता एकाचा अतिरेक, पण मुळात उणीव होती दुसऱ्याचीच.

जळगाव-धुळ्याकडच्या कपाशीवाल्याला हेच गणित उलट्या बाजूने ठाऊक असते. पऱ्हाटीचा भुगा न कुजवता रानात गाडला आणि लगेच पेरले, तर पीक पिवळे पडते. पऱ्हाटीत कर्ब फार, नत्र थोडे. ती कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःकडे ओढून घेतात. टाकीत जी क्रिया तारते, तीच रानात काही काळ मारते. मग कर्ब हा गुण की दोष? नुसता कर्ब दोन्हींपैकी काहीच नाही, गुणदोष प्रमाणात आहेत. प्रमाणाचा हा विचार गीतेतही आहे. 1932 साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला योगी म्हणत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही म्हणत नाही. तिथला कळीचा शब्द आहे 'युक्त', म्हणजे योग्य प्रमाणातले.

यावर कोणी ययातीचे उदाहरण देईल: भोगाने भोग शमत नाही, मग घालून शुद्धी कशी व्हायची? पण टाकीत शेवाळाला नव्हे, त्याच्या प्रतिस्पर्धी जिवाणूंना पोसले जाते. शिवाय नुसते पोसून भागत नाही. वाढलेले जिवाणू काढले नाहीत, तर ते मरतात, कुजतात आणि घेतलेले बरेचसे पाण्याला परत करतात. घालण्याची सांगता सोडण्यातच होते. त्यागाला इथेही सुट्टी नाही. घाईने मात्रा वाढवली, तर जिवाणूच प्राणवायू संपवतात आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. मग नायट्रेट शून्यावर नेणे तरी आदर्श मानावे का? तेही नाही, पोषण तुटले की प्रवाळ फिके पडतात. निर्मळ आणि निर्जीव यांत अंतर आहे.

टाकीवरून मनाचा सिद्धांत काढता येत नाही, हा आक्षेप मान्यच करायला हवा. दृष्टांत पुरावा देत नाही, प्रश्न नीट विचारायला शिकवतो. एखाद्याचा संताप वाढलेला दिसला की आपण तो आवरायला सांगतो. त्याला झोप, आदर किंवा ऐकून घेणारे माणूस यांतले काय कमी पडले, हे क्वचितच विचारतो. आणि उत्तर सापडले तरी ते आजच्यापुरतेच असते. टाकीचे पाणी पुन्हा पुन्हा तपासावे लागते, कारण युक्त हे एकदा ठरवून भिंतीवर लिहून ठेवायचे माप नाही.