वकिलीच्या विद्येंत तर्कशास्त्राचें स्थान

कायद्याच्या विद्यार्थ्यास तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र हवें कशाला, असा प्रश्न आम्हांस पालक तर विचारतातच, पण नाणावलेले वकीलही विचारतात. कलमें पाठ असावींत, निवाडे हाताशीं असावेत, उलटतपासणीची हातोटी असावी, म्हणजे झालें. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथें अग्नि आहे हें घोकून कोणत्या अशिलाचा दावा जिंकला, असें त्यांचें म्हणणें. या म्हणण्यास वजनदार पाठिंबाही मिळतो. अमेरिकेचे ख्यातनाम न्यायमूर्ति होम्स यांनीं १८८१ सालच्या आपल्या ‘कॉमन लॉ’ या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, कायद्याची घडण केवळ तर्कानें झालेली नसून काळाच्या गरजा, लोकांच्या समजुती व प्रसंगीं पूर्वग्रह यांनींही झाली आहे. होम्स यांचें मत आम्हांस मान्य आहे. त्यावरून काढलें जाणारें अनुमान मान्य नाहीं. कायद्याचीं गृहीतकें तर्कांतून निपजत नाहींत, म्हणूनच तीं हुडकून पारखण्याची संवय वकिलास हवी, आणि ती लावणारें दुसरें शास्त्र कोणतें?

‘ए. डी. एम. जबलपूर’ या नांवानें ओळखला जाणारा १९७६ सालचा निवाडा घ्या. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली. दोन दिवसांनीं राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठीं न्यायालयांत दाद मागण्याचा अधिकार तहकूब झाला. विनाचौकशी स्थानबद्ध झालेल्यांचे अर्ज कित्येक उच्च न्यायालयांनीं तरीही ऐकण्यायोग्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयांतील पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं मात्र तें दार बंद केलें. त्यांच्या युक्तिवादाचा सांगाडा असा: हा हक्क अनुच्छेद २१ मधूनच मिळतो, त्या अनुच्छेदाखालीं दाद मागतां येत नाहीं, म्हणून स्थानबद्धास दादच नाहीं. यांत तर्काची पायरी कोठेंही चुकलेली नाहीं. पहिलें विधान एकदां मान्य केलें कीं मनुष्य तिसऱ्यापर्यंत घसरतच जातो, आणि किती खोल घसरतो हें सुनावणींतच दिसलें. पोलिसानें वैयक्तिक आकसानें एखाद्याचा जीव घेतला तरीही दाद नाहीं काय, असें न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं विचारलें. महान्यायवादी निरेन डे यांनीं, आपल्या युक्तिवादाप्रमाणें नाहीं, असें उत्तर दिलें. डे यांनीं तर्काशीं प्रतारणा केली नाहीं, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे!

खन्ना यांनीं बोट ठेवलें तें ‘मधूनच’ यांतील ‘च’वर. संविधान नव्हतें तेव्हांही कायद्याच्या आधारावांचून कोणाचें जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याची मुभा राज्यसत्तेस नव्हती. मग त्या हक्काचा उगम एकट्या अनुच्छेदांत कसा? आमच्या नैयायिकांच्या भाषेंत बहुमताचा हेतु ‘साध्यसम’ होता, म्हणजे साध्याइतकाच स्वतः सिद्धीची वाट पाहणारा. या भिन्नमताची किंमत खन्ना यांस मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्यें त्यांस डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींस सरन्यायाधीश नेमलें, व त्यांनीं राजीनामा दिला. बहुमताचा निवाडा रद्दबातल ठरला तो २०१७ सालीं, पुट्टस्वामी प्रकरणांत. बहुमतांतील यशवंतराव चंद्रचूड पुण्याचे, आणि तो निवाडा सदोष होता असें लिहिणारे त्यांचेच चिरंजीव, हा योगायोग मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

तर्क आणि व्यवहार यांची ही सोयरीक आमच्याकडे नवी नाहीं. मुंबई इलाख्यांत हिंदूंच्या वारशाचे तंटे ज्याच्या आधारें तोडले जात, तो ‘व्यवहारमयूख’ सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टांचा. त्यांचें घराणें पैठणहून काशीस गेलेलें व मीमांसेंत मुरलेलें. दोन वचनांत विरोध दिसला तर काय करावें, विधि कोणता व नुसती स्तुति कोणती, हे नियम मीमांसकांनीं यज्ञासाठीं बसविले. धर्मशास्त्रकारांनीं तेच वांटणीच्या भांडणांत चालविले.

हल्लीं विधि-महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत तार्किक क्षमतेचे प्रश्न असतात. रांगेंत कोण कोणाच्या डावीकडे बसला हें मुलें झटपट सांगतात, आणि दरवाज्यांतून आंत गेल्यावर तर्काशीं त्यांचा संबंध बहुधा संपतो. विधितत्त्वशास्त्राचा एक पेपर असतो खरा, पण तो पुष्कळ ठिकाणीं ऑस्टिन व केल्सन यांच्या मतांच्या टिपणांवर उरकला जातो. आम्ही नवा विषय मागत नाहीं. पहिल्याच वर्षीं १९७६ मधील दोन्ही मतें, नांवें व निकाल झांकून, विद्यार्थ्यांपुढें ठेवावींत. आणि प्रत्येक मतानें कोणतें विधान सिद्ध न करतांच गृहीत धरलें आहे, तें त्यांस लिहावयास सांगावें. हीं उत्तरें तपासण्यास शिक्षकास वेळ लागेल, व कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकांतून तीं उतरून घेतां येणार नाहींत.