विश्वासू गॅरेज कोणते?



गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एका बंधूंनी आम्हाला दारातच गाठले. हे बंधू शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत, नाव मात्र लिहीत नाही. व्हॅनच्या पासिंगची तारीख जवळ आली होती. त्यांनी विचारले, "फादर, तुमच्या ओळखीचं एखादं विश्वासू गॅरेज सांगा ना."

धर्मगुरूला लोक काय काय विचारतात याची यादी मोठी आहे. मुलीसाठी स्थळ, भाड्याची खोली, गुडघ्याचा डॉक्टर. गॅरेजची चौकशी प्रथमच आली. आमची स्कूटर जो दुरुस्त करतो त्याचे नाव आम्ही सांगणार, तोच ते पुढे म्हणाले, "म्हणजे कसं, गाडी एका फेरीत पास झाली पाहिजे. मागच्या वेळचा माणूस उगाच खोटा काढत बसला."

ते वाक्य आमच्या मनातून जाईना. विश्वासू म्हणजे कोण? जो आपल्याला खरे सांगतो तो, की जो आपले काम निभावून नेतो तो? बोलताना आपण दोघांनाही एकच शब्द वापरतो, आणि एरवी त्यात काही बिघडत नाही. पासिंगच्या दिवशी मात्र हे दोन अर्थ वेगळे होतात आणि आपल्याला त्यांतला एक निवडावा लागतो.

ज्यांच्याकडे फक्त घरची गाडी आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खासगी गाडीला नोंदणीपासून पंधरा वर्षे फिटनेसची भानगड नसते, पीयूसीवर भागते. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी, शाळेची व्हॅन अशा भाड्याच्या गाड्यांना मात्र फिटनेस सर्टिफिकेट सतत नवे करून घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, धूर, सगळे तपासायचे. दिवे घाट चढून गाडी ब्रेकच्या चाचणीला नेलेले लोक आपल्या धर्मग्रामात आहेत. त्या दिवसाचा धंदा बुडतो आणि गाडी नापास झाली तर पुढचाही बुडतो, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

म्हणूनच पासिंगच्या आसपास एक वेगळाच व्यवहार उभा राहिला आहे. पासिंगपुरते चांगले टायर लावायचे आणि संध्याकाळी परत करायचे. आग विझवायचे नळकांडे शेजारच्या गाडीतले. प्रथमोपचाराची पेटी रांगेतल्या पुढच्या माणसाची. हे सर्व आम्हाला आपल्याच लोकांनी हसत हसत सांगितले आहे, आणि आम्हीही हसलो आहोत. ब्रेकची चाचणी नीट घेता यावी म्हणून २५० मीटरचा ट्रॅक असला पाहिजे, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले, तेही पुण्यातल्याच एका नागरिकाच्या जनहित याचिकेवरून. नियम आधीपासून होता. तो पाळला जात नाही याचा त्रास व्हावा असा माणूस तेवढा भेटायचा होता.

इतरांचे सांगतो आहोत तर आमचेही सांगितले पाहिजे. मागे एकदा स्कूटरची पीयूसी संपली होती. एका आजारी आजीला कम्युनियन द्यायला जायचे होते, घाई होती. पीयूसीवाल्याने नंबर प्लेटचा फोटो घेतला, सायलेन्सरमध्ये नळी घातलीच नाही, आणि सर्टिफिकेट हातात दिले. आम्ही पैसे दिले आणि वर "थँक यू" म्हणालो. बोपोडीच्या सिग्नलला उभे असताना लक्षात आले की आपण विकत घेतला तो फक्त कागद. त्या माणसाला आम्ही लबाड म्हणू शकत नाही. त्याने आम्हाला हवे तेच दिले.

खडकीच्या लोकांना खरे तर तपासणी म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. इथली ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. आपल्यातल्या कित्येक घरांचे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांचे पोट या फॅक्टरीवर, नाही तर लष्कराच्या वर्कशॉपवर चालले. या जुन्या मंडळींना विचारा. काडतूस बनवणारा आणि ते पास करणारा ही दोन माणसे वेगळी असायची, त्यांची खातीही वेगळी. इन्स्पेक्शनवाल्यांशी खटके उडत, लॉट परत येई, शिव्या दिल्या जात. पण बनवणाऱ्यानेच आपल्या मालावर शिक्का मारावा असे कुणी म्हणत नसे. सीमेवरच्या जवानाच्या हातात ते काडतूस फुसके निघाले तर काय, याचा जाब कुणाला तरी द्यायचा होता.

गाड्यांच्या बाबतीत हे शहाणपण बरेच उशिरा आले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित वाहन चाचणी केंद्रांचे नियम केले. त्यांत एक अट आहे: जो हे केंद्र चालवतो त्याने गाड्यांची दुरुस्ती, विक्री किंवा सुट्या भागांचा धंदा तिथे करायचा नाही. चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो ते यंत्र मोजते. डावे-उजवे यांत फरक असेल तर तोही दिसतो. इंग्लंडमध्ये याच्या उलट पद्धत आहे. तिथे अशी सक्तीची चाचणी १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सुरू झाली. आता गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी करावी लागते, आणि परवाना असलेले साधे गॅरेजही ती करते. जो नापास करतो तोच दुरुस्तीचे पैसे घेतो. तिथले जाणते लोक म्हणून नगरपालिकेच्या वर्कशॉपमध्ये चाचणीला जातात. ते बाहेरच्यांची दुरुस्ती करत नाहीत, मग उगाच नापास करून त्यांना काय मिळणार?

तिथल्या ग्राहकाला भीती असते, नसलेली खोट दाखवतील. आपल्याला भीती असते, असलेली खोट दाखवतील! हा फरक आम्हाला बरेच काही सांगून जातो.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा एक प्रश्न अभ्यासाला होता. विकणाऱ्याने वस्तूतली खोट सांगितलीच पाहिजे का? तेराव्या शतकात मोटारी नव्हत्या, त्यामुळे त्यांची उदाहरणे घोड्याची आणि घराची. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे, पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे, हे पाप. पण घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि ते कुणालाही दिसत असेल, तर विकणाऱ्याने त्याची दवंडी पिटण्याची गरज नाही. किंमत तेवढी रास्त हवी. थोडक्यात, लपलेली खोट सांगणे बंधनकारक. त्या वेळी परीक्षेपुरते पाठ केले होते. आता वाटते की आपल्यापैकी बहुतेकांसाठी मोटारगाडी हा असा घोडा आहे की ज्याचे सगळेच लपलेले आहे. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरहून कमी झाल्या तर टायर बाद, एवढे आपण वाकून पाहू शकतो. ब्रेकच्या ड्रममध्ये काय चालले आहे ते ज्याने चाक उघडले त्यालाच ठाऊक.

मग विश्वास ठेवायचा कशावर? अनुभवी लोक एक खूण सांगतात, आणि ती आम्हाला पटते. जो माणूस स्वतःच्या खिशाविरुद्ध बोलतो त्याचे ऐकावे. "हे आत्ता बदलू नका, अजून सहा महिने चालेल," असे जो म्हणतो, काढलेला जुना भाग न मागता हातात ठेवतो, खर्च आधी कागदावर लिहून देतो, त्याने "हे बदलाच" म्हटले की बदलावे.

इथे एक शंका निघते. हुशार धंदेवाला हेही करील की! आज शंभर रुपये सोडून उद्या हजार मिळवील. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली नेमके असेच उदाहरण घेतले होते. एक दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान मूल आले तरी त्याला योग्य भावाने देतो. पण दुकानाचे नाव टिकावे एवढ्यासाठीच तो तसे वागत असेल, तर त्याला नैतिक मोल नाही, असे कांटचे म्हणणे. वर्गात आम्ही यावर तावातावाने भांडलो होतो. गिऱ्हाइकाला त्याच्या अंतःकरणाशी काय करायचे आहे, भाव बरोबर लागल्याशी मतलब, असे आमचे मत होते. आता तसे वाटत नाही. जे गिऱ्हाइकाला दिसते त्यात धंद्याची अक्कल आणि खरेपणा एकच काम करतात, हे खरे. पण चाक परत बसवले, नट आवळले, आत काय आहे ते कुणी पाहणार नाही, तिथे अक्कल म्हणते चालून जाईल. त्या ठिकाणी दुसरे काहीतरी लागते.

असो. तर त्या बंधूंना आम्ही नाव दिले. लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये छोटे गॅरेज चालवतात, आपल्या धर्मग्रामातले नाहीत. परवा शुक्रवारी संध्याकाळी मुले घरी सोडून व्हॅन तिथे गेली. आम्हीही गेलो होतो, खरे सांगायचे तर कुतूहलाने. त्यांनी मागचे चाक काढले, ड्रम उघडला. आत ब्रेक ऑइल गळत होते, लायनर ओला झाला होता. त्यांनी बोट फिरवून आम्हाला दाखवले. मग म्हणाले, "क्लचला हात लावू नका, वर्षभर जाईल. पण या ब्रेकवर पोरं बसवू नका."

"पासिंगला चालेल का?" बंधूंनी विचारले.

"चालेलही कदाचित. मी चालवणार नाही."

सामान सोमवारी येणार, मंगळवारी बसणार, बुधवारी पासिंग. तीन दिवस व्हॅन बंद. परत येताना बंधू बराच वेळ बोललेच नाहीत. खडकी बाजारापाशी म्हणाले, "फादर, तुम्ही मला महागातला विश्वासू दिलात."

आमच्याकडे उत्तर नव्हते. अक्वायनसचा घोडा आम्हाला वाटेत पुन्हा आठवला, पण आता वेगळ्या बाजूने. इतका वेळ आम्ही या बंधूंना गिऱ्हाईक समजत होतो. मुलांच्या आईवडिलांसमोर तेच घोडा विकणारे होते. ड्रममधली खोट त्यांना कळली त्या क्षणापासून ती सांगणे त्यांच्यावर आले. व्हॅनमध्ये जी बसतात त्यांना तर लायनर हा शब्दही माहीत नाही. ती दप्तर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर भांडत असतात. गॅरेजवाला गप्प बसला असता तर त्याची किंमत बंधूंनी नव्हे, त्या मुलांनी मोजली असती.

आणि तरीही बंधूंचे म्हणणे आम्हाला खोटे वाटत नाही. खरे ऐकण्याचा खर्च आज त्यांच्या एकट्यावर पडतो आहे. सामानाचे पैसे त्यांचे. तीन दिवस बुडाल्यावर काही पालक फीमधून तेवढे कापणार. कुणी दुसरी व्हॅन लावण्याची धमकी देणार. दर वर्षी जूनमध्ये "शेजारचा दोनशे रुपये कमी घेतो" म्हणून घासाघीस होतेच. त्याच पालकांना विचारा, मुलांची व्हॅन कशी हवी? सुरक्षित, फादर, हे काय विचारणे झाले! गाडी एका फेरीत पास करून देणारा माणूस बंधूंना का शोधावासा वाटला, याचे अर्धे उत्तर आमच्या मते इथे आहे. दोनशे रुपये वाचवून आपणच त्यांना त्या वाटेला लावतो, आणि त्या आपणमध्ये आम्हीही आहोत. पाळकीय समितीच्या सभेत व्हॅनच्या भाड्याचा विषय निघाला तेव्हा "थोडे कमी करा" असे आम्हीच त्यांना म्हणालो होतो.

आज हे लिहितो आहोत तो शनिवार आहे. बंधूंनी सकाळपासून प्रत्येक पालकाला स्वतः फोन करून व्हॅन का बंद आहे ते सांगितले आहे. गाडी गावाला नेली असे सांगितले असते तर कुणाला कळले नसते. एका आईने उलट त्यांचे आभार मानले, दोघांनी फोन ठेवून दिला.

सोमवार, मंगळवार, बुधवार सकाळी रेंज हिल्स, बोपोडी आणि खडकी बाजार येथून मुलांना शाळेत सोडायचे आहे, दुपारी आणायचे आहे. ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी आज मिस्सेनंतर कचेरीत नाव द्यावे. ज्यांची मुले या व्हॅनने जातात त्यांनी या महिन्याची फी पूर्ण द्यावी, अशी आमची विनंती आहे. सामानाच्या खर्चातला वाटा उचलायची कुणाची इच्छा असेल तर त्यासाठी कचेरीत वही ठेवली आहे, पहिली ओळ आम्ही लिहिली आहे. गाडी घेऊन येणाऱ्यांनी टायर तेवढे वाकून पाहून यावे. पीयूसी आम्ही मागणार नाही, तो अधिकार आम्हाला उरलेला नाही.