चुकांची नोंद आधी वाचावी

वेब ॲप्लिकेशन बनवणारी मंडळी लॉगिनसाठी ओपन सोर्स लायब्ररी निवडायला बसतात, तेव्हा बहुधा एक तक्ता तयार होतो. गूगलच्या खात्याने आत येता येतं का, ओटीपीची सोय आहे का, गिटहबवर किती तारे आहेत, शेवटचा बदल कधी झाला. लायब्ररी सोयीची आहे की नाही, एवढं या तक्त्यातून कळतं. ती भरवशाची आहे का, हे मात्र कळत नाही. कॅलेंडर दाखवणारी लायब्ररी चुकली तर एक पान बिघडतं. लॉगिनची लायब्ररी चुकली तर माणसाचं खातं परक्याच्या हाती जातं, आणि ते गेल्याचं कित्येकदा कोणाला कळतही नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की ही लायब्ररी चुकली तेव्हा कशी वागली, यावरून तिची पारख करावी.

रूबी ऑन रेल्स वापरणाऱ्यांमधली डिव्हाइज ही लायब्ररी पाहा. ब्राझीलमधल्या प्लाताफॉर्मातेक या कंपनीत 2009 मध्ये ती सुरू झाली. पुढे एलिक्सिर ही भाषा घडवणारे जोझे व्हालिम तिच्या कर्त्यांपैकी एक. जानेवारी 2013 मध्ये तिच्यातला एक गंभीर दोष जाहीर झाला. पासवर्ड विसरलेल्या माणसाला ईमेलवर अंदाज बांधता येणार नाही असं टोकन पाठवलं जातं आणि ते परत आलं की डेटाबेसमध्ये जुळवून पाहिलं जातं. हल्लेखोराने टोकनच्या जागी मजकुराऐवजी शून्य हा आकडा पाठवला, तर? मजकुराची आकड्याशी तुलना करताना मायएसक्यूएल त्या मजकुराचाच आकडा करतं, आणि अक्षराने सुरू होणाऱ्या मजकुराचा आकडा शून्य होतो. त्यामुळे शून्य पाठवलं की अक्षराने सुरू होणारं कुठलंही टोकन जुळायचं. दुसऱ्याचा ईमेल न उघडता त्याचा पासवर्ड बदलता येत होता.

नुसता डिव्हाइजचा कोड वाचून हा दोष दिसला नसता. मायएसक्यूएल आपल्या नियमाप्रमाणेच वागत होतं, आणि विनंतीतला आकडा आकडाच ठेवण्यात रेल्सचंही काही चुकत नव्हतं. दोष तिघांच्या सांध्यात होता. सांध्यातले दोष सापडायला हजारो ठिकाणी वापर लागतो आणि मुद्दाम मोडून पाहणारी माणसं लागतात. मोठ्या, जुन्या लायब्ररीचा खरा फायदा हाच आहे.

त्यानंतर काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुरुस्ती चालू आवृत्तीपुरती न ठेवता जुन्या तीन मालिकांसाठीही एकाच वेळी दिली गेली. त्याच वर्षी आलेल्या 3.1 आवृत्तीपासून ही टोकनं डेटाबेसमध्ये उघडी न ठेवता त्यांचा हॅश ठेवला जाऊ लागला. तोवर डेटाबेसची प्रत हाती लागलेल्या कोणालाही चालू टोकन वाचता येत होतं. नुसत्या टोकनवर लॉगिन करण्याची लोकप्रिय सोयही सुरक्षित वाटेना म्हणून काढून घेतली गेली. लोक नाराज होणार हे माहीत असून सोय काढणारी मंडळी मला भरवशाची वाटतात. आणि ज्या लायब्ररीच्या नावावर एकही दोष जाहीर नाही, तिच्याबद्दल माझा पहिला तर्क असा, की ती अजून कोणी नीट तपासलेली नाही.

इतिहास चांगला म्हणून डोळे मिटून घ्यावं असंही नाही. डिव्हाइजच्या चौथ्या आवृत्तीत आयता मिळणारा नियम सहा ते 128 अक्षरांच्या पासवर्डला परवानगी देतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2017 मध्येच किमान आठ सांगितली होती. वरच्या टोकाला तर वेगळीच अडचण आहे. पासवर्डचा हॅश करणारी बीक्रिप्ट ही पद्धत 1999 सालची. ती पहिले 72 बाइट पाहते आणि उरलेले सोडून देते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे कोणी मराठीत लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर त्यातली साधारण चोवीस चिन्हंच कामाची. ही मर्यादा केवळ कागदावरची नाही. ऑक्टा या कंपनीने 2024 मध्ये जाहीर केलं, की वापरकर्त्याचं नाव 52 किंवा अधिक अक्षरांचं असेल तर काही परिस्थितींत पासवर्ड न तपासताच प्रवेश मिळू शकत होता. वापरकर्त्याचा आयडी, नाव आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टला दिले होते आणि पासवर्ड 72 बाइटांच्या बाहेर पडत होता. तेव्हा आयत्या मिळालेल्या प्रत्येक मूल्यापाशी थांबून ते आपल्या वापरकर्त्यांना लागू पडतं का, हे पाहायलाच हवं.

राखणदारी कोणाची, हाही प्रश्न विचारला पाहिजे. 2020 मध्ये प्लाताफॉर्मातेकची मंडळी नूबँकेत गेली, तेव्हा डिव्हाइज हार्टकॉम्बो या नावाखाली हलवून तिचं काम चालू ठेवलं गेलं. टाइपस्क्रिप्टमधल्या लूसियाच्या कर्त्याने आपली लायब्ररी मार्च 2025 मध्ये थांबेल, असं आधी सांगितलं आणि अभ्यासासाठी मार्गदर्शक मजकूर मागे ठेवला. माझ्या मते हाही प्रामाणिकपणाच. याउलट एक्सझेड या छोट्या साधनाचा भार एकट्या माणसावर होता. त्याचा विश्वास कमावून कोणीतरी त्यात चोरवाट घातली. मार्च 2024 मध्ये ती सापडली ती अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं म्हणून. कोड सर्वांसाठी खुला होता, पण तो वाचायची नेमणूक कोणाचीच नव्हती.

मग लॉगिन स्वतःच का लिहू नये? रेल्सच्या आठव्या आवृत्तीपासून तसा तयार सांगाडा मिळतोही. पण तो एकदा आपल्या प्रकल्पात आला की आपला होतो. उद्या त्यात दोष निघाला, तर तो आपल्यालाच कळायला हवा आणि आपल्यालाच दुरुस्त करायला हवा. लहान गटाने तरी नांदती लायब्ररी घ्यावी, असंच मी सांगेन.

जबाबदारी मात्र लायब्ररीसोबत देता येत नाही. डिव्हाइजचा एमआयटी परवाना कसलीही हमी देत नाही. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून लायब्ररी जोडण्याआधी तिच्या दोषांची आणि बदलांची नोंद वाचा, पासवर्ड विसरल्यावरची वाट स्वतः मोडून पाहा, आणि पुढच्या दुरुस्त्यांवर लक्ष ठेवायला गटातलं एक माणूस नावानिशी नेमा. असं माणूस देता येत नसेल, तर लोकांचे पासवर्ड साठवायला घेऊच नका.