मोरीपासून चंद्रभागेपर्यंत

माउली, गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही. पण एक प्रश्न मन सोडत नाही, तो आपल्या चरणी ठेवतो.

आमचे गाव इंद्रायणीकाठचे. चाळीस वर्षे मी तीर्थमहिमा सांगितला. एका कार्तिकीला आळंदीत पाण्यावर पांढरा फेस तरंगताना पाहून नातवाने विचारले, “आजोबा, आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते?” म्हटले, “गटारात.” “गटार?” “ओढ्याला.” “आणि ओढा?” उत्तर ठाऊक होते, पण तोंडातून निघेना.

ओढा इंद्रायणीला मिळतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते. भीमा उजनीच्या धरणात विसावते आणि पंढरीला चंद्रभागा होते. मी मोरीत सोडतो ते उशिरा का होईना, कोणा वारकऱ्याच्या ओंजळीकडेच निघालेले असते.

कोणी म्हणेल, तीर्थाला विटाळ कसला? ते सर्वांना पावन करते. मान्य. पण देवाला शिवी दिल्याने देव उणा होत नाही. म्हणून शिवी देणाऱ्याचा दोष टळतो का? तीर्थाचे सामर्थ्य हा प्रश्नच नाही. प्रश्न माझ्या आचरणाचा आहे. आणि पाण्यातल्या माशाला तर सिद्धान्त ठाऊक नाही. तो गुदमरून मरतो. ही परपीडा नव्हे का?

तो का गुदमरतो, हे मला एका छोट्या गावचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहिल्यावर कळले. तेथे आधी जाळीत चिंध्या, प्लास्टिक अडते. मग संथ हौदात जड गाळ तळाशी बसतो. पुढच्या हौदात यंत्राने हवा फुंकतात. तेथे डोळ्यांना न दिसणारे जीव विरघळलेली घाण खातात. नंतर तेही तळाशी बसतात, आणि त्यांतले थोडे परत हवेच्या हौदात घालतात, आपण विरजण राखून ठेवतो तसे. वरचे निवळ पाणी क्लोरीन देऊन नदीत सोडतात.

हेच जीव नदीतही असतात. मग हौद कशाला? नदीच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. एक लिटर सांडपाण्यातली घाण खाताना या जीवांना २०० ते ३०० मिलिग्रॅम लागतो. तो ते नदीतून ओढतात आणि माशाच्या वाट्याचा श्वास संपतो. हौदात तो श्वास आपण पुरवतो, म्हणून नदीचा वाचतो. कारखान्यांची विषारी रसायने मात्र या जीवांनाच मारतात; त्यांचा बंदोबस्त कारखान्याच्या दारातच व्हायला हवा.

तेथे काम करणारा मुलगा म्हणाला, “बाबा, वीज बराच वेळ गेली की हे जीव मरू लागतात. हौद बांधला की काम संपले, असे लोकांना वाटते.”

माउली, हे वाक्य मला लागले. बांधणे हा उत्सव आहे. चालवणे हा नित्यनेम आहे. उद्घाटनाच्या नारळाला सारा गाव जमतो. पुढे विजेचे बिल थकते, यंत्र मुके होते, आणि त्याच हौदातून घाण जशीच्या तशी नदीत जाते. एकादशी चुकली तर आपल्याला रात्री झोप लागत नाही. यंत्र बंद पडले तर कोणाची झोप उडते?

गाडगेबाबा आधी गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहत. मी कीर्तन उचलले. खराटा तेवढा राहिला. आता वयाच्या या टप्प्यावर ग्रामसभेला जातो आणि एकच विचारतो: आपले सांडपाणी कुठे जाते, आणि केंद्र उभे राहिले तर त्याचे बिल दरमहा कोण भरणार? काही हसतात. हसू देत.

आपणही एकदा आपल्या मोरीपाशी उभे राहून पाणी कुठे जाते ते पाहावे. वारी दिंडीच्या वाटेने जाते, तशी ती या पाण्याच्या वाटेनेही जाते. पंढरीला स्नान करणाऱ्याच्या पाया आपण पडतो. त्याच्या ओंजळीत काय घालतो, तेही पाहू या.

राम कृष्ण हरि.