कबुली कोणी द्यायची, कोणासमोर

शापोरा नदीच्या दोन काठांवर एकेकाळी दोन राज्ये होती. दक्षिणेचा बार्देश १५४३ पासून पोर्तुगिजांचा. उत्तरेचे पेडणे १७८८ मध्ये कायमचे त्यांच्या हाती जाईपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचे. डिचोली त्याआधी काही वर्षे गेली. पण या नव्या मुलखात लोकांच्या धर्माला हात लावायचा नाही हे पोर्तुगिजांनी मान्य केले होते, आणि तोवर धर्मांतराची लाटही ओसरली होती. म्हणून पेडण्याची भगवती जागेवर राहिली. डिचोलीच्या वाट्याला आले ते परागंदा देवाला जागा देण्याचे काम. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला आणि शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तेव्हा देवळे पाडण्याच्या आणि धर्माच्या नावाने लोकांना दडपण्याच्या त्या अन्यायाबद्दल ख्रिस्ती पश्चात्ताप व्हावा का, हे पेडणे-डिचोलीने विचारले तर तो शेजाऱ्याचा प्रश्न ठरतो. या शेजाऱ्याने सारे पाहिले होते. साक्षीदाराला सूड मागता येत नाही. घडलेले नाकारणाऱ्यापुढे गप्पही बसता येत नाही.

यावर बार्देशातला ख्रिस्ती माणूस विचारील, “मी कशाबद्दल माफी मागू? फोडली ती देवळे माझ्याच पूर्वजांची होती.” त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते पुरेशा गांभीर्याने ऐकले जात नाही. १५६० मध्ये सुरू झालेले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच हुकूमत गाजवत होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने लोकांना तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलायला फर्मावले. १७३६ च्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती घरांतली तुळस आणि लग्नातली गाणीदेखील गुन्हा ठरवली. म्हणजे माफी ज्यांना मिळायला हवी, त्यांच्यात गोव्याचा ख्रिस्ती समाज पहिला उभा आहे. त्याच्याकडून प्रायश्चित्ताची अपेक्षा करणे हा दुसरा अन्याय होईल. दोष रक्तातून उतरत नाही. पण संस्था तीच राहते. १५४१ मध्ये तिसवाडीतल्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवले गेले आणि त्यातून पुढे सेंट पॉल म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय पोसले गेले. वडिलोपार्जित घर ज्याने घेतले त्याने त्यावरचे कर्जही घेतलेले असते. ही जबाबदारी चर्च या संस्थेची आणि पोर्तुगीज राज्याची आहे, म्हापशाच्या फेस्ताला मेणबत्ती लावणाऱ्याची नव्हे.

“पण मेलेल्यांच्या पापाची कबुली जिवंत माणसे कशी देणार?” ही शंका धर्मशास्त्राच्या आतूनच येते आणि चर्चने तिला उत्तर दिलेले आहे. १२ मार्च २००० रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी क्षमायाचनेचा जाहीर विधी केला. सत्याच्या सेवेत केलेली पापे, इतर संस्कृती व धर्म यांचा केलेला अनादर, यांची त्यात कबुली होती. त्या निमित्ताने प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजाची भूमिका अशी होती की दोष ज्याचा त्याचाच, तरीही श्रद्धेचा समुदाय काळाच्या पलीकडे एक असल्याने त्याने मागच्यांचे ओझे उचलावे. हे मला पटते. अपुरे वाटते ते एवढ्यासाठी की त्या विधीत गोव्याचे नाव नव्हते. कॅथलिक प्रायश्चित्तात अनुताप, कबुली आणि भरपाई ही अंगे आहेत, आणि कबुलीत पाप नावानिशी सांगावे लागते. सामान्य भाविकाला “माझ्याकडून काही चुकले असेल” एवढ्यावर सुटका मिळत नाही. मग संस्थेला का मिळावी? दिवाडी, केळशी, वेर्णा, कुठ्ठाळी ही देवळे पाडलेल्या गावांची नावे जुन्या गोव्याच्या वेदीवरून कोकणीत आणि मराठीत उच्चारली गेली पाहिजेत. पोर्तुगालला हे जमते. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियु सोआरिश यांनी ज्यूंची क्षमा मागितली. २०२२ मध्ये गोमंतकीय वंशाच्या आंतोनियु कोश्ता यांनी पंतप्रधान म्हणून मोझांबिकमधल्या विरियामू हत्याकांडाबद्दल मागितली.

आता प्रश्न आपल्याकडे वळतो आणि तो चुकवता कामा नये. १६६७ च्या नोव्हेंबरात मराठी फौज बार्देशात शिरली तेव्हा गावे लुटली गेली, माणसे धरून नेली गेली, पाद्रीही मारले गेले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीत बार्देश आणि साष्टी पुन्हा होरपळली, आणि भाषेवरचा तो हुकूम पुढच्याच जूनमध्ये निघाला. फौजा परतल्यावर तिथल्या रयतेवरचा दाब वाढलाच. “स्वारी आणि इन्क्विझिशन एका मापाने मोजता का?” असे कोणी रागाने विचारील. नाही मोजत. मोहिमा काही आठवड्यांच्या होत्या, ती यंत्रणा अडीच शतकांची. तरीही लुटलेल्या घराला हा फरक सांगून काय मिळणार? मराठी इतिहासलेखनाने बार्देशच्या त्या रयतेबद्दल एक स्वच्छ वाक्य लिहायला हवे, आणि ते समोरून माफी येण्याची वाट न पाहता. मत्तयच्या शुभवर्तमानात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे; भावाने पहिले पाऊल टाकावे अशी अट तिथे नाही.

“या उकरण्यातून राजकारण्यांना हत्यार मिळेल,” ही सर्वांत जड शंका. ती खोटी नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्उभारणीसाठी वीस कोटी रुपये ठेवले. सरकार दगड रचू शकते, पण चर्चच्या वतीने पश्चात्ताप करू शकत नाही. आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे प्रार्थना करत आली, तिथे त्यांचाही हक्क तयार झालेला आहे. मात्र हत्यार बनते ते न दिलेल्या कबुलीचे. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये इन्क्विझिशनवरचे पुस्तक कागदपत्रांच्या आधारे लिहिले. तो पुरावा चर्चने स्वतः हाती घेतला असता तर इतरांना तो उगारता आला नसता. लोकांनी तर आपल्यापुरती वाट केव्हाच काढली आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी, आणि त्यांचीच मिराबाई म्हापशाला मिलाग्रिस सायबीण झाली, अशी कथा डिचोली-पेडण्यात सांगतात. धर्म बदललेली बहीण बहीणच राहिली. पण या कथेत मिराबाई का गेली, हे कोणी विचारत नाही. तिच्या मायेवर विसंबून संस्थेने आपली कबुली टाळू नये.

कुंकळ्ळीत हे टाळणे डोळ्यांनी दिसते. १५८३ च्या जुलैत तिथल्या गांवकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. नंतर बोलणी करायला म्हणून सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगिजांनी त्यांच्यावर घात केला. जेझुइटांना १८९३ मध्ये धन्य घोषित करण्यात आले. नायकांचे स्मारक उभे राहायला २००३ उजाडले. मारले गेलेल्या त्या पाच जणांसाठी चर्च प्रार्थना करते ते योग्यच आहे. पण विश्वासाने आलेल्या सोळा जणांशी दगा झाला, हे त्याच प्रार्थनेत गोव्याच्या आर्चबिशपांनी म्हणावे, आणि त्या दिवशी नायकांच्या वंशजांनीही पाच जणांची नावे घ्यावीत. यासाठी रोमची किंवा लिस्बनची परवानगी लागत नाही.