रिकामा धुरा

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या भागातून महादेवाचे पोहे निघायचे. तुमसर तालुक्यातलं गायमुख हा आमचा लहान महादेव, मोठा पचमढीचा. खांद्यावर त्रिशूल, पाय अनवाणी. गाव सुटलं की मामा तलावाची पाळ, आणि पाळीवरून उतरलं की बांध्या. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडाऱ्याबाहेरच्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.)

पाळीखालची पहिली बांधी आमची. धान निघालेलं असलं तरी वावर रिकामं नसतं. उभ्या धानात फेकलेली लाखोरी तेव्हा शेंगेवर असते. ती तुडवायची नाही तर धुऱ्यावरूनच जावं लागतं. आमच्याकडे जो तो दरसाल धुरा थोडा खरडतो आणि उरल्यावर तूर लावतो. आजाने मात्र हा एक धुरा दोन हात रुंद ठेवला, तुरीविना.

आजी चिडायची. "घरात वरणाले दाळ नाही, अन् धुरा रिकामा!"

"वाट का आपली आहे वो? आपन तं बाजूले नांगर धरतो."

आता पोहे बहुतेक डांबरी रस्त्याने जातात, टेम्पोतूनही. भाऊ विचारतो, चालतं कोण? प्रश्न खरा आहे. १९६६ च्या महसूल संहितेचं कलम १४३ हद्दीवरून वाट मिळवून देतं, १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अडवलेली वाट मोकळी करवतो. पण दोन्हींसाठी तहसीलदाराकडे कोणी तरी जावं लागतं. शंभर माणसं चालत होती तेव्हा धुऱ्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा आजाचं ठेवणं सोपं होतं, असं मला कधीकधी वाटतं. आता पऱ्ह्यांचे भारे घेऊन रोवणीच्या बाया जातात, आणि शेळ्यांमागे एक म्हातारी. त्या काही अर्ज करणार नाहीत. म्हणूनच त्यांचा हक्क आमच्या हातात जास्त आहे, असं मी भावाला म्हणालो.

तो म्हणाला, "तू पगारावर आहेस. सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर आहे."

यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. यंदा त्याने धुऱ्याच्या एका कडेने तूर लावली, हातभर वाट सोडून. डोक्यावर भारा असलेल्या बाईला, चिखलात, तेवढी पुरते का, हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच अजून तिला विचारलेलं नाही.